बातमी आपल्या निमंत्रणाने यावी

वैद्यकाचे शिक्षण कधीच संपत नाही, हे वाक्य आपण पदवीदान समारंभापासून ऐकत आलो आहोत. पदवीनंतरचे ते शिक्षण नेमक्या कोणत्या वाटेने आपल्यापर्यंत पोहोचते, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने व्यवसायबंधू-भगिनींसमोर हाच प्रश्न ठेवावा आणि त्यावर उपयोगी पडणाऱ्या एका साध्या, पण बरेचसे विस्मरणात गेलेल्या साधनाची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उदाहरण आपल्याच राज्यातील घेऊ. २०२५ च्या पावसाळ्याअखेरीस छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया परिसरात लहान मुलांची मूत्रपिंडे एकाएकी निकामी होऊ लागली. अनेकांना उपचारांसाठी नागपूरला हलवावे लागले. वीसहून अधिक बालके दगावली. सर्दी-खोकल्याचे जे पातळ औषध त्यांना दिले गेले होते, त्याच्या नमुन्यात तामिळनाडूतील शासकीय तपासणीत डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. स्वीकारार्ह मर्यादा ०.१ टक्का आहे. ४ ऑक्टोबर रोजी मध्य प्रदेश शासनाने त्या औषधावर बंदी घातली आणि १३ ऑक्टोबर रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जगभरासाठी इशारा प्रसिद्ध केला.

या प्रकरणातील पहिली जबाबदारी उत्पादकाची आणि औषध नियंत्रण यंत्रणेची आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. दवाखान्यात बसलेला डॉक्टर बाटलीतील द्रव्याचे पृथक्करण करू शकत नाही. तरीही काही गोष्टी आपण विचारात घेतल्या पाहिजेत. हे विष आपल्याला नवे नव्हते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रव्याने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले होते व त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला होता. ५ ऑक्टोबर २०२२ रोजी गांबिया देशातील बालमृत्यूंच्या संदर्भात, हरियाणात तयार झालेल्या चार पातळ औषधांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला होता. याहून महत्त्वाची नोंद डिसेंबर २०२३ ची आहे. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे संयुक्त औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, तशी सूचना वेष्टनावर छापावी, असे भारताच्या औषध महानियंत्रकांनी त्या महिन्यात कळविले होते. परासियातील त्या औषधात हीच जोडी होती. ती सूचना विषासाठी काढलेली नव्हती. परंतु प्रत्येक दवाखान्यात व प्रत्येक औषधविक्रेत्याकडे ती पोहोचून पाळली गेली असती, तर चार वर्षांखालील बालकांच्या ओठांना ती बाटली लागलीच नसती.

सूचना निघाली होती, पण ती जिथे पोहोचायला हवी होती तिथे पोहोचली होती का? हा प्रश्न परासियापुरता नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने तो स्वतःला विचारावा असा आहे.

आज आपल्याकडे वैद्यकीय बातमी येते ती मुख्यतः चार वाटांनी. पहिली वर्तमानपत्राची, तेथे इशारा येतो तो बहुधा दुर्घटना घडून गेल्यावर. दुसरी औषध कंपनीच्या प्रतिनिधीची. तो बिचारा आपल्या मालाचे गुण सांगण्यासाठी नेमलेला असतो, त्याच मालाविषयीचा इशारा त्याने घेऊन यावा ही अपेक्षाच चुकीची आहे. तिसरी वाट चर्चासत्रांची. ती उत्तम, पण वर्षातून मोजक्या दिवसांची. चौथी आणि आज सर्वांत रुंद झालेली वाट व्हॉट्सअॅपच्या गटांची. तेथे माहिती भरपूर येते, पण कोणी लिहिली, कधी लिहिली, मूळ कागद कोठे आहे, यांपैकी काहीच सोबत येत नाही. पाच वर्षांपूर्वीचा इशारा आजचा म्हणून फिरतो आणि आजचा इशारा सुप्रभाताच्या फुलांखाली दबून जातो.

या चौथ्या वाटेचे मोल इंदूरने दिले आहे. १ एप्रिल २०२० रोजी टाटपट्टी बाखल येथे कोरोनाच्या तपासणीसाठी गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. पथकातील दोन महिला डॉक्टर जखमी झाल्या. निरोगी माणसांना घेऊन जातात आणि सुई टोचून आजारी करतात, अशा अर्थाच्या चित्रफिती त्या वस्तीत मोबाइलवर फिरत होत्या, असे त्या वेळच्या वृत्तांतून समोर आले. त्या दोघी भगिनी दुसऱ्याच दिवशी पुन्हा कामावर हजर झाल्या, ही आपल्या व्यवसायाला भूषणावह गोष्ट आहे. परंतु धैर्याने अफवेची जखम सोसता येते. अफवा खोडायची तर हाताशी दिनांकासह खरी माहिती, आणि तीही वेळेवर, असावी लागते.

या चारही वाटांचा समान दोष हा, की काय पाठवायचे ते दुसरा कोणीतरी ठरवतो. आपण केवळ घेणारे. हा क्रम उलटा करणारे साधन म्हणजे संकेतस्थळांचे ‘फीड’.

फीड म्हणजे काय, हे समजण्यासाठी मराठी माणसाला संगणकशास्त्राची गरज नाही. पेशवाईत दिल्लीच्या दरबारी हिंगणे घराण्यातील वकील असत आणि तेथील घडामोडी ते पत्रांनी पुण्यास कळवीत असत. पुण्याच्या कारभाऱ्याला त्यासाठी दिल्लीस जावे लागत नसे. ठिकठिकाणच्या वकिलांची पत्रे त्याच्यापुढे येत. त्यांतील कोणते आधी उघडायचे व कोणते बाजूला ठेवायचे, हे तो स्वतः ठरवीत असे. फीडचे काम असेच चालते. संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराचे शीर्षक, गोषवारा, दिनांक आणि मूळ पानाचा दुवा एका ठराविक साच्याच्या छोट्या फायलीत नोंदवीत राहते. आपल्या संगणकावरील किंवा मोबाइलवरील वाचक-प्रणाली आपण निवडलेल्या सर्व स्थळांच्या या फायली ठराविक वेळाने तपासते आणि नवे ते सारे एकाच पानावर मांडते. त्यासाठी कोणाला आपला पत्ता वा दूरध्वनी क्रमांक द्यावा लागत नाही. एखादा स्रोत नकोसा झाला तर यादीतून काढून टाकावा. तो पुन्हा दार ठोठावत नाही.

या पद्धतीचा पहिला साचा मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत तयार झाला. तो घडविणाऱ्यांत मद्रासच्या आय.आय.टी.त शिकलेले रामनाथन गुहा होते. त्याला आर.एस.एस. हे नाव मिळाले. ही तीन अक्षरे ऐकताच आपल्याकडे डोळ्यांपुढे वेगळेच चित्र उभे राहते आणि त्यावरून थोडीफार थट्टाही होते. येथे त्यांचा अर्थ ‘अगदी सोपे वितरण’ असा घ्यावा. ऑक्टोबर २००५ मध्ये ‘गूगल रीडर’ आल्यावर ही सोय घरोघरी पोहोचू लागली. १ जुलै २०१३ रोजी गूगलने ती बंद केली, आणि फीड संपले असाच समज रूढ झाला. तो समज खरा नव्हता. फीडली, इनोरीडर यांसारख्या वाचक-प्रणाली आजही उपलब्ध आहेत. आपण गाडीत ज्या ध्वनिमालिका, म्हणजे पॉडकास्ट, ऐकतो त्यांचे वितरणही मुख्यतः याच साच्यावर चालते. बंद पडले ते एक दुकान. रस्ता होता तिथेच आहे.

आपल्या व्यवसायाला याचा उपयोग कसा होतो तेही सांगतो. पबमेडवर आपण एखादा विषय शोधतो, उदाहरणार्थ मध्य भारतातील स्क्रब टायफस किंवा मुलांमधील डेंग्यू. त्या शोधाचेच फीड तयार करण्याची सोय तेथे एका कळीवर दिलेली आहे. त्यानंतर त्या विषयावर नवा निबंध नोंदला गेला, की त्याचे शीर्षक आपल्या यादीत आपोआप येऊन बसते. एकदा नीट विचारलेला प्रश्न वर्षानुवर्षे उत्तरे आणीत राहतो. नामांकित वैद्यकीय नियतकालिकांपैकी अनेकांची फीड आहेत, तीही याच पानावर येतात. माझा अनुभव असा, की सकाळच्या चहाबरोबर पंधरा मिनिटांत शीर्षके चाळून होतात आणि त्यांतील एखाददुसरा लेख रात्री वाचण्यासाठी बाजूला काढता येतो.

वेळेवर कळण्याने काय फरक पडतो, तेही पाहू. साथीच्या आजारांच्या वार्ता देणारी ‘प्रोमेड’ ही जाणकारांची व्यवस्था १९९४ पासून चालत आली आहे. वुहानमधील निदान न झालेल्या न्यूमोनियाची नोंद तिच्यावर ३० डिसेंबर २०१९ रोजी आली. भारतातील पहिला रुग्ण केरळात आढळला तो ३० जानेवारी २०२० रोजी. मध्ये पूर्ण एक महिना होता. तेवढ्या अवधीत साथ थांबविता आली नसती हे मान्य. पण मुखपट्ट्यांचा साठा, बाह्यरुग्ण कक्षातील बैठक-व्यवस्था आणि कर्मचाऱ्यांचे शिक्षण यांसाठी एक महिना पुष्कळ असतो.

आपण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेली मराठी माणसे आहोत. २००१ साली इंदूरला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले होते, पण रोजच्या मराठी जगापासून आपण काहीसे दूर असतो हे खरेच. ते अंतर कमी करण्यासही हे साधन कामी येते. १९९६ साली सुरू झालेली ‘मायबोली’ असो की १ मे २००३ पासून चालू असलेला मराठी विकिपीडिया, आंतरजालावरील मराठी समाज आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. विकिपीडियावर तर प्रत्येक लेखात झालेल्या बदलांचेही फीड मिळते. आपल्यापैकी एकेकाने मधुमेह, क्षयरोग, लसीकरण असा एकेक लेख दत्तक घेतला आणि त्यातील बदलांवर नजर ठेवली, तर चुकीचे वाक्य शिरताच ते दुरुस्त करता येईल. मराठीत आरोग्याची माहिती शोधणाऱ्या रुग्णासाठी ही सेवा लहान नाही.

यावर घेतले जाणारे दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. आधीच माहितीचा पूर आलेला असताना त्यात आणखी भर कशाला, हा पहिला. पण पूर येतो तो दारे दुसऱ्याच्या हाती असल्यामुळे. शंभर स्रोत जोडणाऱ्याला फीडही बुडवील. दहा निवडणाऱ्याला ते तारील. जेवणाप्रमाणे येथेही पथ्य लागतेच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सर्वच संस्था फीड देत नाहीत, आणि काही दिलेले काढून घेतात. प्रोमेडनेच २०२३ साली, माहितीची घाऊक उचल होते असे कारण सांगून, आपले फीड बंद केले. आपल्या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची दर्जाहीन औषधांची यादी दर महिन्याला निघते, पण ती पीडीएफ दस्तऐवजाच्या रूपात. ज्याने तिथे जाऊन शोधावी त्यालाच ती सापडते. म्हणून फीड हे सर्व दुखण्यांवरचे औषध आहे असा माझा दावा नाही. शिवाय फीड बातमी आणून देते, तिची पारख करीत नाही. ती आपल्यालाच करावी लागते.

यासाठीच मला हे काम एकेकट्याचे न वाटता संस्थेचे वाटते. वाचक-प्रणालीतील स्रोतांची संपूर्ण यादी एका लहानशा फायलीत उतरवून घेता येते व ती दुसऱ्याला दिली, की त्याच्याकडेही तीच यादी क्षणात उभी राहते. या फायलीला ओ.पी.एम.एल. म्हणतात. आपल्या संस्थेने तीन सभासदांची एक छोटी समिती नेमावी. तिने दहा-बारा विश्वसनीय स्रोतांची यादी करून सर्व सभासदांना द्यावी. ज्या संस्थांची फीड नाहीत, त्यांच्या संकेतस्थळांना भेट देण्याची पाळी सभासदांनी महिन्याने वाटून घ्यावी आणि औषधांविषयीचे नवे इशारे दिनांक व मूळ दुव्यासह एका पानावर कळवावेत. हे पान हिंदीतही काढून गल्लीतील औषधविक्रेत्याला दिले, तर दुधात साखर. औषध नियंत्रण यंत्रणेनेही आपले इशारे फीडच्या रूपात द्यावेत, असे निवेदन संस्थेच्या वतीने पाठवावे. तरुण सभासदांनी ज्येष्ठांच्या मोबाइलवर ही व्यवस्था बसवून द्यावी आणि ज्येष्ठांनी कोणती बातमी महत्त्वाची व कोणती नुसता गलबला, हे तरुणांना शिकवावे. दोघांच्याही पदरात काही पडेल.

या कामाला पैसा जवळजवळ लागत नाही, सवय मात्र लागते. रुग्ण आपल्यापुढे बसून विश्वासाने औषधाची चिठ्ठी घेतो, तेव्हा त्या औषधाविषयी जगाला जे कळले आहे ते आपल्याला कळलेले असेल, असे तो गृहीत धरतो. त्याचे ते गृहीत खरे ठरविणे आपल्या कर्तव्याचाच भाग आहे. पुढील वार्षिक सभेत हा प्रस्ताव चर्चेला यावा, अशी माझी कार्यकारिणीला नम्र विनंती आहे.