आधी अर्थिंग तपासा: किनारपट्टीवरील ट्रक-ट्रेलर मालक, चालक व वायरमन यांचे मागणीपत्र

प्रति,
परिवहन, महामार्ग व मत्स्यव्यवसाय खात्यांचे जिल्ह्यातील अधिकारी

महोदय,

मालवण, देवगड, वेंगुर्ला या तालुक्यांत गाड्या चालवणारे, त्यांचे मालक आणि त्यांची वायरिंग करणारे असे आम्ही सर्व मिळून हे पत्र देत आहोत. ट्रेलरचा मागचा दिवा बंद दिसला की पावती फाडली जाते. तो बंद का पडला हे शोधायची सोय मात्र कुठेच नाही. ती व्हावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

अंधारात गाडी हाकायची मुभा आम्ही मागत नाही. टेल लाइट नसलेला ट्रेलर रात्री महामार्ग ६६ वर उभा असला, की मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचे काय होते ते आम्हीच जवळून पाहतो.

घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) आणि ट्रेलर जोडणाऱ्या सात पिनांच्या सॉकेटात पांढरी वायर अर्थिंगची असते. दिव्यांकडे गेलेला करंट तिच्यातूनच परत येतो. तिची पिन गंजली की करंट दुसऱ्याच बल्बातून वाट काढतो: ब्रेक दाबला तर इंडिकेटर मिणमिणतात, पार्किंग लावले तर ब्रेक लाइट अर्धवट पेटतो. चालक बिचारा बल्ब बदलतो, फ्यूज बदलतो, शेवटी नवा होल्डर घालतो. दोष जागच्या जागी राहतो.

आमच्याकडे हे जास्त होते, कारण खारा वारा आणि मासळीच्या गाडीतून ठिबकणारे बर्फाचे खारट पाणी. वायरला टेस्ट लँपची सुई टोचली की त्या भोकातून पाणी आत शिरते आणि तारांच्या पिळातून पुढे सरकत जाते. बाहेरून आवरण नवे कोरे, आत तांबे कळकून हिरवे. २६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला, तेव्हा गंजलेल्या नट-बोल्टांची चर्चा राज्यभर झाली. तोच खारा वारा रोज आमच्या चेसिसखालून वाहतो.

म्हणून पहिली आणि मुख्य मागणी पासिंगबाबत. दिवा पेटतो का एवढेच पाहू नये. दिवा काढून होल्डरवर मल्टिमीटर लावला तर कळकलेली वायरसुद्धा पुरे चोवीस व्होल्ट दाखवते, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. तारेचा एक धागा शिल्लक असला तरी काम भागते. २१ वॅटचा बल्ब मात्र पाऊण अँपिअरच्या वर ओढतो, आणि तिथे वायर उघडी पडते. तेव्हा सगळे दिवे चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे मागच्या दिव्याच्या अर्थिंगला लावावे. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर परतीची वाट खराब आहे असे समजून तसा लेखी शेरा द्यावा. लांब वायर आणि मीटर, याहून जास्त सामान लागत नाही. नुसत्या ‘लाइट डिफेक्ट’ या शेऱ्यावरून वायरमनला काय कळणार?

दुसरे, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि मासळीच्या गाड्या उभ्या असतात. त्या दोन महिन्यांत किनाऱ्यावरच तपासणी शिबिरे लावावीत. ऐन बांगड्याच्या हंगामात तपासणीसाठी ओरोसच्या परिवहन कार्यालयात खेप घालणे कुणालाच परवडत नाही.

मालवण, सर्जेकोट, देवगड या बंदरांवर गाडी खालून धुण्यासाठी गोड्या पाण्याचा नळ हवा. खर्च किरकोळ आहे. महामार्गावर दिव्याच्या उजेडात ट्रेलर बाजूला घेऊन सॉकेट उघडता येईल अशा जागाही हव्यात. सध्या हे काम मोबाइल तोंडात धरून चालते.

मालवणात शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथे वायरमनसाठी चोवीस व्होल्टच्या वायरिंगचा छोटा वर्ग सुरू करावा. कल्हईची तांब्याची वायर, आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब, सुई न टोचता तपासणी, हे शिकवावे. नुसती काळी टेप गुंडाळून दिलेला जोड इथल्या पावसात टिकत नाही. आमच्यातही तसे काम करणारे आहेत, त्यांना आम्ही या वर्गाला बसवू.

दोष जागेवर दुरुस्त करून दाखवला, तर त्याच फेरीत पुढच्या नाक्यावर पुन्हा दंड होऊ नये. दुरुस्त होत नसेल तर गाडी दिवस उजाडेपर्यंत थांबवण्यास आमची हरकत नाही.

या सर्वांवर ३१ मेच्या आत बैठक लावावी, कारण शिबिरे घ्यायची तर गाड्या दुसऱ्या दिवसापासून मोकळ्या आहेत.

आपले,
मालक, चालक व वायरमन