तांब्याचे नळ व त्यांची निगा

तांबें गंजत नाहीं, म्हणून घरांत एकदां तांब्याचे नळ बसविले कीं पुढच्या पिढीनेंही त्यांकडे पाहावयास नको, अशी समजूत पुष्कळ कुटुंबांत आढळते. ती अर्धीच खरी आहे. लोखंडाचा तांबडा गंज तांब्यास चढत नाहीं. परंतु न्हाणीघरांत तोटीखालीं जो हिरवट-निळा डाग दिसतो, तो नळांतून झिजून आलेल्या तांब्याचाच असतो. चिंचेनें डाग निघेल, नळांतील दोष निघणार नाहीं.

वास्तविक तांबें आपलें रक्षण आपणच करीत असतें. पाण्यांतील प्राणवायूशीं संयोग होऊन नळाच्या आंत एक पातळ पापुद्रा धरतो व त्याच्या आडोशानें खालचा धातु सुरक्षित राहतो. हा पापुद्रा टिकविणें म्हणजेच नळांची निगा. आम्ल पाण्यानें तो विरघळतो. म्हणून विहिरीचें किंवा सांठविलेलें पावसाचें पाणी नळांत सोडण्यापूर्वीं तपासून घ्यावें. त्याचा पीएच ६.५ च्या खालीं असल्यास तें चुनखडीच्या खड्यांच्या थरांतून गाळून घ्यावें. अरुंद नळांतून जोरानें वाहणारें गरम पाणी वळणांवर पापुद्रा खरवडून काढतें. म्हणून नळ पुरेसा रुंद असावा. कापलेल्या नळाची कोर घांसली आहे ना, डाख देतांना लावलेलें मलम धुऊन काढलें आहे ना, व डाखांत शिसें नाहीं ना, हें कारागीर समोर असतांनाच पाहावें.

जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ तांब्याच्या नळास थेट जोडूं नये. सर हंफ्री डेव्ही यांनीं १८२४ सालीं जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांस लोखंड व जस्त जोडून पाहिलें. तांबें वांचलें, पण जोडलेला धातु झिजला. घरांतही लोखंडी नळाची तीच गत होते. दोहोंच्या मध्यें विद्युत् न वाहणारा सांधा घालावा, आणि पाणी आधीं लोखंडांतून व मग तांब्यांतून जाईल असा क्रम ठेवावा.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तान्ह्या मुलांच्या यकृताचा जो प्राणघातक विकार आपल्याकडे होत असे, त्याचा संबंध पितळेच्या व तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यांत तापविलेल्या दुधाशीं असावा, असें पुण्याच्या व इंग्लंडच्या डॉक्टरांनीं १९८३ सालीं दाखवून दिलें. तांब्याच्या भांड्यांतील रात्रीचें पाणी घरांतील वडीलधाऱ्या माणसांस सहसा बाधत नाहीं, म्हणून तें बाळासही चालेल असें समजूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें पिण्याच्या पाण्यांत तांब्याची मर्यादा लिटरमागें २ मिलिग्रॅम ठरविली आहे. रात्रभर नळांत कोंडलेल्या पाण्यांत, विशेषतः नव्या नळांच्या व गरम पाण्याच्या बाबतींत, तांबें अधिक उतरतें.

म्हणून पहांटे जी सर्वांआधीं उठेल तिनें पहिलें बादलीभर पाणी तुळशीस नव्हे, तर अंगण धुण्यास वापरावें. आणि बाळाच्या दुधास थंड पाण्याच्या नळाचें ताजें पाणी घेऊन तें स्टीलच्या पातेल्यांत उकळावें. एवढी शिस्त घरांत पडली, तर नळही टिकतील व मुलेंही निर्धास्त राहतील.