विश्लेषण : घरच्या घरी ‘सिरॅमिक कोटिंग’... वऱ्हाडच्या उन्हात, पाण्यात पैसे वसूल होतात का?

परतवाड्यातली गाडी वर्षभरात तीन परीक्षा देते. मे महिन्यात ४४-४५ अंशांचे ऊन, पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या घाटातली खडी आणि चिखल, आणि बाराही महिने बोअरचे पाणी. अशा ठिकाणी नवी गाडी घेतली की शोरूममध्ये ‘सिरॅमिक कोटिंग’ आणि ‘पीपीएफ’चा आग्रह होतो. हे काम स्टुडिओत करून घ्यायचे तर खर्च हजारोंच्या घरात जातो. दुसरीकडे मोबाइलवर दोन-तीन हजारांची बाटली दिसते आणि ‘घरीच करा, पाच वर्षे चमक’ अशी जाहिरातही. यातले खरे किती?

मुळात रंगावर आणखी थर कशाला?

गाडीचा रंग म्हणजे एकच थर नसतो. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक ‘क्लिअर कोट’ असतो. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यात क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. चमक याच थरात असते आणि ऊन अडवणारी रसायनेही यातच असतात. हा थर पॉलिश करताना घासला जातो आणि एकदा गेला की परत येत नाही. जुन्या गाड्यांचे टप आणि बॉनेट पांढरट पडून पापुद्रे सुटतात, ते क्लिअर कोट संपल्यामुळेच. त्यानंतर पुन्हा रंगकाम करण्यावाचून इलाज नसतो आणि गाडी विकताना किंमत पडते.

सिरॅमिक कोटिंग हे सिलिकायुक्त द्रावण आहे. ते क्लिअर कोटला घट्ट चिकटते आणि वाळल्यावर काचेसारखा थर तयार होतो. मेण महिना-दोन महिन्यांत उतरते, तर हा थर नीट निगा राखल्यास दोन-तीन वर्षे साथ देतो. पाणी आणि धूळ त्यावरून लवकर निसटतात, पक्ष्याची विष्ठा किंवा झाडाचा चीक पुसायला थोडा जास्त वेळ मिळतो. मात्र त्याची जाडी फार तर एक-दोन मायक्रॉन असते. तेव्हा ती सोय आहे, चिलखत नव्हे.

‘९एच’ म्हणजे दगडालाही दाद न देणारा थर का?

नाही. जाहिरातीतला ‘९एच’ हा आकडा पेन्सिलीच्या चाचणीतला आहे. मऊ ते कडक अशा पेन्सिली ठरावीक दाबाने पृष्ठभागावर ओढतात आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा पडत नाही ते पाहतात. त्या मोजणीतली सर्वांत कडक पेन्सिल ९एच. हिऱ्याला १० गुण देणाऱ्या खनिजांच्या मोजपट्टीशी या आकड्याचा काही संबंध नाही. पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा एक-दोन मायक्रॉनचा थर सहज भेदतो. धुळीने भरलेल्या गाडीवर कोरडे फडके मारले तर कोटिंग असूनही चरे पडतातच.

वऱ्हाडचे पाणी आडवे का येते?

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. परतवाडा सातपुड्याच्या पायथ्याशी, या पट्ट्याबाहेर आहे, पण इथली गाडी कामानिमित्त दर्यापूर, अकोल्याला जातेच. पट्ट्याबाहेरही अनेक बोअरचे पाणी जड असते. असे पाणी पत्र्यावर वाळले की क्षारांचे पांढरे डाग राहतात.

कोटिंगमुळे पाण्याचे गोल मोत्यासारखे थेंब होतात. ते छान दिसतात, पण उन्हात वाळले की प्रत्येक थेंबामागे क्षाराचे एक कडे उरते. त्यामुळे कोटिंग केलेली गाडी धुऊन तशीच उन्हात सोडली तर साध्या गाडीपेक्षा ती जास्त ठिपक्यांची दिसू शकते. घरच्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी गाडीला वापरण्याची सवय अनेकांना आहे. त्या पाण्यात क्षार आणखी जास्त असतात. पहिला चिखल काढायला ते चालेल, शेवटच्या धुण्याला नको. पावसाचे साठवलेले पाणी त्यासाठी उत्तम.

घरी करायचे तर कधी आणि कसे?

आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच योग्य काळ. २० ते २५ अंश तापमान आणि सावली हवी. तापलेल्या पत्र्यावर द्रावण पुसण्याआधीच वाळते आणि डाग कायमचे बसतात. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे तीच गत होते. एप्रिलमध्ये गाडी घेतली असेल तर हिवाळ्यापर्यंत थांबण्यात काही नुकसान नाही. दुरुस्तीनंतर नव्याने रंगवलेल्या भागावर तर किमान महिनाभर काही लावू नये.

खरे काम बाटली उघडण्याआधीचे असते. गाडी शाम्पूने धुवावी, साबणाची आणि कापड विसळायची बादली वेगळी ठेवावी. नंतर लोहकण काढणारा फवारा आणि क्ले बार फिरवावा. पत्र्यावरून हात फिरवला की काचेसारखा गुळगुळीत लागला पाहिजे. त्यानंतर टॉर्च तिरका धरून चरे पाहावेत, कारण या टप्प्यावर राहिलेला चरा कोटिंगखाली तसाच राहतो. पॉलिश गरज असेल तिथेच आणि हलक्या हाताने करावे. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसून काढावा.

मग एका वेळी दोन फूट लांब-रुंद एवढाच भाग घ्यावा. पॅडवर काही थेंब टाकून आधी आडवे, मग उभे फिरवावे आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेनंतर स्वच्छ मायक्रोफायबरने पुसावे. लगेच दुसऱ्या कापडाने पुन्हा पुसावे. हातमोजे आणि मास्क घालावा, जागा हवेशीर असावी, जवळ शेगडी किंवा बिडी-सिगारेट नसावी. पुसलेली कापडे नंतर काचेसारखी कडक होतात, ती धुऊन परत वापरू नयेत. पुढचे २४ तास पाणी आणि आठवडाभर शाम्पू टाळावा. अंगणात उघड्यावर, धूळ उडत असताना हे काम करण्यापेक्षा न केलेले बरे.

पीपीएफचे काय?

पीपीएफ ही १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक फिल्म असते. खड्याचा मार खरोखर झेलते ती हीच. चांगल्या फिल्मवरचे बारीक चरे उन्हाच्या उबेने भरूनही येतात. पण बंपरच्या वळणावर ती ताणून बसवणे हे हातखंडा कारागिराचे काम आहे, आणि फिल्म रंगावरच कापताना पाते घसरले तर क्लिअर कोट चिरतो. दाराच्या कडा, हँडलमागची खाच, डिकीची कड यांसाठी आधीच कापलेले तुकडे मिळतात, ते घरी जमतात. नियमित घाटात जाणाऱ्यांनी संपूर्ण गाडीऐवजी बॉनेट आणि पुढच्या बंपरपुरतीच फिल्म कारागिराकडून लावून घेतली तरी बरेच साधते. रंगीत फिल्मने गाडीचा रंगच बदलत असेल तर आधी आरटीओची नोंद पाहावी.

मग पैसे कुठे घालावेत?

पहिला खर्च सावलीचा. शेड असेल तर रंगाचे निम्मे दुखणे तिथेच थांबते. दुसरा खर्च दोन बाद्या, शाम्पू आणि चार चांगल्या मायक्रोफायबरचा. तिसरी गोष्ट फुकट आहे : सकाळी गाडी धुवायची आणि ऊन चढण्याआधी कोरडी पुसायची. एवढे होत असेल तर हिवाळ्यातली एक सुटी आणि एक बाटली कोटिंगवर जरूर घालावी. काम सोपे होते आणि चमक टिकते. पण रोज सकाळी धुळीवर कोरडे फडके मारण्याची सवय सुटत नसेल, तर पाच वर्षांची हमी लिहिलेली बाटलीही पहिल्या उन्हाळ्यात हरते. क्लिअर कोट एकदाच मिळतो. तो जपायला बाटलीपेक्षा फडके बदलणे अधिक गरजेचे आहे.