झाकली मूठ

हिंदुस्थानात पोस्टकार्ड विक्रीस आले ते १ जुलै १८७९ रोजी. किंमत पाव आणा. पाकिटाला निदान अर्धा आणा पडत असे, त्यामुळे दूरच्या आडत्याकडून भाव मागवणाऱ्या पेढ्यांना कार्ड ही मोठीच सोय वाटली. गैरसोय एकच होती. कार्ड उघडे. टपाल कचेरीतला कारकून ते वाचू शके, पोस्टमन वाचू शके, आणि वाटेत ज्याच्या ओट्यावर पोस्टमन पाणी प्यायला टेके तोही वाचू शके.

व्यापाऱ्यांनी यावर तोडगा शोधला नाही, कारण तो त्यांच्याकडे आधीपासूनच होता. मराठी मुलखातले दिवाणजी मोडीत लिहीत. मारवाडी पेढ्यांचा व्यवहार महाजनी लिपीत चाले, तर गुजराती पेढ्यांचा वाणियाशाईत. या शेवटच्या दोन लिप्यांमध्ये काना-मात्रा बहुधा गाळलेल्या असत. वाचणारा संदर्भाने शब्द ओळखी, आणि ज्याला संदर्भ ठाऊक नाही त्याला हाती काही लागत नसे. काका अजमेरला गेल्याची खबर ‘काका आज मेले’ अशी वाचून घरात रडारड झाल्याचा विनोद पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो तो याच लिपीचा. कार्डाचा कोपरा फाडलेला असला की आत मृत्यूची वार्ता आहे हे मजकूर न वाचताच कळे. शुभकार्याच्या पत्रावर हळदकुंकवाची बोटे उमटलेली असत. काय झाकायचे आणि काय सर्वांना कळू द्यायचे, हे लिहिणाराच ठरवीत असे.

तारेने ही घडी थोडी विस्कटली. तारेचे पैसे शब्दांवर मोजले जात आणि मजकूर तारबाबूच्या हातूनच जाई. कापसाचा किंवा गळिताच्या धान्याचा भाव त्याला पेढीच्या मालकाआधी कळे. म्हणून मोठ्या पेढ्यांनी सांकेतिक शब्दांच्या वह्या बाळगल्या. एका शब्दात एक पूर्ण वाक्य बसवल्याने पैसेही वाचत आणि गुपितही राखले जाई. सरकारनेही आपली सोय पाहून ठेवली होती. १८८५ च्या तार कायद्याच्या पाचव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी संदेश अडवण्याचा आणि पाहण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, परंतु त्या कलमाच्या आधारे दूरध्वनी ऐकण्याचे काम त्यानंतरही अनेक वर्षे चालू राहिले.

टेलिफोनची कथा व्यापाऱ्यांना अधिक जवळची वाटावी. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे अल्मन स्ट्रोजर नावाचा एक गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करीत असे. आपल्याकडे येणारे फोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याचा संशय होता, असे सांगतात. त्याने ऑपरेटरशी भांडण केले नाही. मधला माणूसच नको म्हणून त्याने आपोआप जोडणारे यंत्र शोधले आणि १८९१ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पुढे जगभरची स्वयंचलित एक्स्चेंजे त्याच तत्त्वावर उभी राहिली. आपल्याकडे लखनौ आणि कानपूर यांच्यात एसटीडी १९६० मध्ये सुरू झाली, पण तालुक्याच्या गावी ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहणे त्यानंतरही पुष्कळ वर्षे चालले. कॉल लागला की घसा फोडून बोलावे लागे, आणि मग मोंढ्यात कुणी किती पोती धरून बसले आहे ते अर्ध्या बाजाराला कळे. ज्यांच्याकडे फोन नव्हता ते आपल्या कार्डावर शेजाऱ्याचा नंबर ‘पी.पी.’ असे लिहून छापत. निरोप शेजारी घेई, आणि बहुधा थोडा जास्तच लक्षपूर्वक घेई.

तरीही या सगळ्या ऐकणाऱ्यांना एक मर्यादा होती. तारबाबूची बदली होत असे, शेजारी विसरून जात असे, आणि ऐकलेले सांगायचे झाले तर कुणाच्या तरी तोंडावर विश्वास ठेवावा लागे.

ऐकणारा जेव्हा विश्वासाच्या जागी बसलेला असतो तेव्हा काय घडते, याचे उदाहरण बँकिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवले जाते. १९२४ च्या इंग्रजी विधिवृत्तांतात छापलेला टूर्निअर या ग्राहकाचा तो खटला. त्याच्या खात्यात नऊ पौंड आणि काही शिलिंग इतका ओव्हरड्राफ्ट झाला होता. आठवड्याला एक पौंड फेडण्याचे त्याने कबूल केले आणि आपल्या नव्या मालकाचे नाव-पत्ता बँकेला लिहून दिला. तिथे त्याला फिरत्या विक्रेत्याची तीन महिन्यांची नोकरी लागली होती. काही हप्त्यांनंतर भरणा थांबला. दरम्यान त्याच्या नावाचा एक धनादेश त्याने खात्यात न भरता दुसऱ्याच्या नावे फिरवला. तो कुठे गेला याची शाखाधिकाऱ्याने चौकशी केली, तर घेणारा घोड्यांच्या शर्यतींवर पैजा घेणारा बुकी निघाला. शाखाधिकाऱ्याने टूर्निअरच्या मालकाला फोन केला. निमित्त त्याचा घरचा पत्ता विचारण्याचे होते, पण बोलण्याच्या ओघात ओव्हरड्राफ्टची गोष्ट निघाली आणि पैजांचीही निघाली. तीन महिने संपले तेव्हा मालकाने नोकरी पुढे चालू ठेवली नाही.

शाखाधिकारी खोटे बोलला नव्हता, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. वसुलीसाठी पत्ता विचारणे हे त्याचे कामच होते. तरीही अपील न्यायालयाने असे ठरवले की ग्राहकाची माहिती गुप्त राखणे हे बँकेचे केवळ सौजन्य नव्हे, तर कराराने आलेले बंधन आहे. न्यायाधीशांनी त्याला चारच अपवाद मानले. कायद्याने भाग पाडले असेल, सार्वजनिक कर्तव्य असेल, बँकेच्या स्वतःच्या हितासाठी आवश्यक असेल, किंवा ग्राहकाची संमती असेल, तेवढ्यापुरतेच बोलता येईल. खाते बंद झाल्यावरही हे बंधन सुटत नाही, असेही एका न्यायाधीशांनी नमूद केले. भारतात हीच शिस्त १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यात तेराव्या कलमाने आली आणि तेथे रुजू होणारा प्रत्येक कर्मचारी आजही गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये दूरध्वनी ऐकण्यावर कार्यपद्धतीचे निर्बंध घातले, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. हे निकाल नागरिक आणि सरकार यांच्यामधले आहेत. दुकान, घर आणि समाज यांच्यामधल्या गोष्टी त्यांच्या कक्षेत सहसा येत नाहीत, आणि रोजची पंचाईत तर तिथेच होते.

व्हॉट्सअ‍ॅपचेच पाहावे. एप्रिल २०१६ पासून त्यातला संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज वाटेत कोणालाही वाचता येत नाही. पोस्टकार्डाच्या जागी पुन्हा पाकीट आले, असे म्हणता येईल. पण पाकिटावरचा पत्ता आणि शिक्का तसाच राहिला. कोण कोणाशी, केव्हा आणि किती वेळा बोलले, याचा अंदाज मजकूर न वाचताही येतो. भाव ठरण्याच्या आदल्या रात्री दोन आडत्यांमध्ये दहा फोन झाले, एवढे समजले तरी जाणत्या माणसाला पुरते. शिवाय पाकीट एकदा उघडले की आतल्या मजकुराचे छायाचित्र काढून दुसऱ्या गटात टाकायला क्षणभरही लागत नाही.

दुकानाच्या काउंटरवर आता एक छोटा बोलका डबा असतो. यूपीआयने पैसे आले की तो मोठ्याने रक्कम सांगतो. खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल नेणाऱ्यांवर तो चांगला उपाय आहे, यात वाद नाही. परंतु ज्या पेढीत गल्ल्याची रक्कम मुनिमाशिवाय कोणाला सांगितली जात नसे, त्याच पेढीचा दिवसभराचा विक्रीव्यवहार आता समोरचा चहावालाही ऐकतो. कोणत्या गिऱ्हाइकाने किती दिले, तेही रांगेतल्या सर्वांना कळते. डब्याचा आवाज कमी करता येतो, ही गोष्ट फारच थोड्यांच्या लक्षात येते.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या नोंदी पाहून लहान दुकानदारांना नोटिसा धाडल्या, तेव्हा बंगळुरात ठिकठिकाणी ‘फक्त रोख’ असे फलक लागले. त्यावर पुष्कळ चर्चा झाली. मात्र विक्री उंबरठ्याच्या वर असेल तर ती करखात्याला दाखवावीच लागते, आणि तिथे खासगीपणाची ढाल पुढे करणे योग्य नाही. टूर्निअर खटल्यातला पहिलाच अपवाद कायद्याच्या सक्तीचा आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरे असले, तरी ती कोणासमोर झाकायची याचे भान ठेवलेले बरे.

व्यापारी मंडळी मात्र एक बाजू विसरतात. आपली माहिती कोणाकडे जाते याची त्यांना काळजी असते, पण गिऱ्हाइकाची माहिती त्यांच्याकडे येते त्याचे काय? कपड्याच्या दुकानात तीनशे रुपयांची खरेदी झाली तरी बिल करणारा मुलगा आधी मोबाईल नंबर विचारतो, आणि रांगेत उभी असलेली मुलगी तो दहा लोकांदेखत मोठ्याने सांगते. नंबर दिल्याशिवाय बिल न देणे अयोग्य असल्याची सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना दिली होती. त्याच वर्षी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास १८ महिन्यांची मुदत मिळाली. माहिती गोळा करणाऱ्याला या कायद्यात ‘डेटा फिड्युशिअरी’ म्हटले आहे. त्याचा साधा अर्थ विश्वस्त. माहिती कशासाठी घेतली ते सांगावे, त्याच कामासाठी वापरावी, काम झाल्यावर ठेवू नये आणि ती सांभाळावी. सांभाळण्यात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला एवढा दंड होईल असे कोणी समजू नये. परंतु दुकानातल्या संगणकावर दहा वर्षांच्या गिऱ्हाइकांचे नंबर पडून आहेत आणि त्याचा पासवर्ड दुकानाच्याच नावाचा आहे, अशी परिस्थिती असेल तर या दिवाळीला वहीपूजनाआधी ती यादी एकदा झाडून घ्यायला हरकत नाही.

आणि मग घरातली सर्वांत नाजूक वही, विवाहाचा बायोडाटा. पूर्वी स्थळे मध्यस्थाच्या तोंडून येत. तो दोन्ही घरे जाणत असे. काय आधी सांगायचे, काय दुसऱ्या भेटीपर्यंत राखायचे, हे त्याला समजत असे, आणि स्थळ जमले नाही तर तो गप्प बसत असे. आता मुलीची जन्मतारीख, जन्मवेळ, आईचे माहेरचे आडनाव, मामांचे गाव, वडिलांची उलाढाल, घराचा पत्ता, दोन फोटो आणि मोबाईल नंबर असे एकच पान तयार होते आणि संध्याकाळपर्यंत ते चाळीस गटांत पोहोचते. यातला जवळजवळ प्रत्येक तपशील फसवणूक करणाऱ्याच्या उपयोगाचा आहे. जन्मतारीख आणि आईचे माहेरचे नाव हे ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी बँका वर्षानुवर्षे विचारत आलेले प्रश्न आहेत. लग्न होऊन मुलगी सासरी गेली तरी ते पान फिरतच राहते, आणि दोन वर्षांनी एखाद्या अनोळखी माणसाचा फोन येतो तो तिच्या नवऱ्यासमोर. असा प्रसंग ओढवला की दोष मुलीलाच दिला जातो, ही त्यातली सर्वांत कडू गोष्ट.

समाजाला या बाबतीत नव्याने काही शिकण्याची गरज नाही. मंदिरात बोली सर्वांसमोर बोलली जाते आणि बोलणाऱ्याचे नाव घेतले जाते. त्याच मंदिरात गुप्तदानाची पेटीही असते. नाव सांगायचे की नाही हे देणारा ठरवतो, आणि विश्वस्त मंडळी त्याचा मान राखतात.

मुलीच्या बाबतीतही पहिल्या पानावर नाव, शिक्षण, जन्मवर्ष आणि गाव पुरे. संपर्कासाठी वडिलांचा किंवा काकांचा नंबर द्यावा, आणि तोही बँकेशी जोडलेला नसावा. जन्मवेळ आणि पत्ता समोरच्या घराची चौकशी झाल्यावर द्यावा. ओळखीसाठी आधार देण्याची वेळ आली तर शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून काढता येते, तीच द्यावी. आणि हे सगळे मुलीला विचारून करावे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला कागद सर्वांच्या फोनमधून मागे घेण्याची सोय जेमतेम दोन दिवसांपुरती असते, आणि ज्याने तोवर तो उतरवून घेतला त्याच्या फोनमधून तो त्या दोन दिवसांतही मागे येत नाही.