टेबलावर गप्प राहू नका

परवा वस्तीतल्या एका बाळंतिणीला भेटायला गेले होते. सिझेरियन झालेलं, बाळ गोंडस. बोलता बोलता ती म्हणाली, "काकू, पाठीत इंजेक्शन दिलं नि थोड्याच वेळात गरगरायलाच लागलं. मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. पण बोलले नाही. म्हणतील, केवढी घाबरट!" बी.पी. उतरल्याचं डॉक्टरांना मशीनवर दिसलं, त्यांनी लगेच औषध दिलं, म्हणून निभावलं.

तिचं ते गप्प राहणं मला फार लागलं. सोसायचं पण बोलायचं नाही, हे मुलींना आपणच शिकवलंय ना?

हा घाबरटपणा नव्हेच. कमरेखालचा भाग बधिर करणाऱ्या या इंजेक्शनने रक्तवाहिन्या सैलावतात आणि बी.पी. उतरतं. त्यातून बाई उताणी झोपलेली असली, तर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतो. बी.पी. बराच वेळ खाली राहिलं, तर बाळाचाही रक्तपुरवठा कमी होतो.

यावर उपाय आहेत. बाईच्या उजव्या कुशीखाली उशी ठेवून तिला किंचित डावीकडे कलवतात. इंजेक्शन देतानाच सलाईन भरभर सोडतात. फिनाइलएफ्रिनसारखं रक्तवाहिन्या आवळणारं औषधही देतात. बी.पी. उतरायची वाट न बघता हे औषध आधीपासूनच द्यावं, असं २०१८ साली वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून सांगितलंय. वरचं बी.पी. मूळच्या ९० टक्क्यांच्या खाली जाऊ नये, हा त्यामागचा हेतू.

डॉक्टर त्यांचं काम करतातच, पण आपणही आपलं केलं पाहिजे. ऑपरेशनपूर्वी भुलीच्या डॉक्टरांना भेटा. बी.पी., हृदयाचा आजार, चालू असलेल्या गोळ्या, मागच्या वेळी भुलीचा झालेला त्रास, काही लपवू नका. 'उपाशी कधीपासून राहायचं? पाणी कधीपर्यंत चालेल?' हेही त्यांनाच विचारा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात चार बाळंतपणांतलं साधारण एक सिझेरियनने होतं. म्हणजे हा प्रश्न घरोघरचाच. मैत्रिणींनो, डोहाळजेवणात लेकीसुनेची ओटी भराल, तेव्हा तिच्या कानात एवढं जरूर सांगा, "टेबलावर गरगरलं, मळमळलं, तर लाजू नकोस. लगेच बोल."