पाटाच्या पाण्याचे माहेर

आमचे गाव शनिशिंगणापूरच्या शेजारचे. शिंगणापूरच्या घरांना दारे नसतात याचे लोकांना नवल वाटते, आम्हाला ते लहानपणापासून अंगवळणी पडलेले. पण गेल्या डिसेंबरात मुलीने डोंगरात तीन रात्री राहण्याचा हट्ट धरला, तेव्हा आमच्या अम्मीच म्हणाल्या, "जिथे कडी नाही, कुलूप नाही, तिथे जवान पोरीला निजवणार?"

मुलगी म्हणाली, "दादी, शिंगणापूरला तरी कुठे कडी आहे?"

अम्मी हसल्या नाहीत. "तिथे शेजार आहे," एवढेच म्हणाल्या.

बोलणे खरे होते. म्हणून आम्ही आधी शेजार शोधला. रतनवाडीचे एक वयस्क वाटाडे तिन्ही दिवस सोबत राहायला कबूल झाले. मी, पत्नी, मुलगी आणि धाकटा मुलगा, असे चौघे मिळून जायचे ठरले. मग अम्मींनी होकार दिला.

वाट आपल्याच जिल्ह्यातली, अकोले तालुक्यातली. रतनवाडीहून रतनगड, तिथून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पुढे पाचनई आणि हरिश्चंद्रगड. परत पाचनईला उतरून राजूरमार्गे गाडीने भंडारदऱ्याकडे आले की फेरा पुरा होतो. हा सारा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मुक्कामाला खोली नाही, नळ नाही, दिवा नाही. गुहा, तंबू नाहीतर गावातले एखादे अंगण.

पहिल्या दिवशी लोखंडी शिड्या चढून रतनगडावर पोहोचलो. मुक्काम गुहेत. असरची वेळ झाली होती. मी पाण्याच्या टाक्याच्या काठावर बसलो आणि सवयीने ओंजळी भरून वुजू करू लागलो. चूळ भरली ती टाक्यातच पडली. वाटाडे जवळ आले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, तांब्यात घ्या अन् बाजूला बसा. हे प्यायचं पाणी आहे. मागून येणाऱ्यानं काय प्यायचं?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. साचलेले पाणी घाण करू नये, पाणवठा, वाट आणि सावली जपावी, वाहत्या नदीकाठीही वुजूला पाणी जपून वापरावे, हे मी घरी मुलांना शिकवतो. इथे दुसऱ्याने मला त्याची आठवण करून द्यावी लागली, तीही मुलांसमोर. मी माफी मागितली. धाकट्याने न सांगता तांब्या भरून आणून दिला.

दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीत टेकलो असताना वाटाडे म्हणाले, "अलीकडचं पाणी प्रवरेला जातं, पलीकडचं मुळेला." मुलीने लगेच भूगोल जुळवला. रतनगडाच्या कुशीतून निघालेली प्रवरा भंडारदऱ्याच्या धरणात येते. ते धरण 1926 साली पुरे झाले. हरिश्चंद्रगडाच्या बाजूची मुळा राहुरीजवळच्या 26 टीएमसीच्या धरणात साठते आणि उजव्या कालव्याने आपल्या नेवासे तालुक्यात पोहोचते. पुढे मुळा प्रवरेला मिळते आणि प्रवरा आपल्याच प्रवरासंगमला गोदावरीला. "म्हणजे अब्बा, तुम्ही काल चूळ भरली ती आपल्याच उसात!" धाकटा म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. पण तेव्हापासून भांडी घासायला आम्ही साबण काढला नाही. राख-मातीने घासून खरकटे पाणी टाक्यापासून दूर मातीत ओतले. शौचाला पाण्यापासून निदान सत्तर-ऐंशी पावले लांब, उताराच्या बाजूला जायचे, खड्डा करायचा आणि बुजवायचा, हा नियम धाकट्यानेच लावला.

ती रात्र कुमशेतला एका अंगणात काढली. घरच्या बाईंनी भाकरी, पिठले आणि ठेचा केला. मुलीला त्यांनी आपल्या लेकीशेजारी घरात झोपवले. अम्मींचा शेजार तिथेही भेटला.

तिसऱ्या रात्री हरिश्चंद्रगड. कोकणकड्याचे तोंड पश्चिमेला आणि आपला किब्लाही पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. नमाजला उभे राहिले की समोर दरी येते. म्हणून मुसल्ला कड्यापासून पुष्कळ मागे, सपाट जागी अंथरावा आणि मुलांना पुढच्या सफेत उभे करू नये.

कुणाला जायचे असेल तर थोडे सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. पावसाळ्यात खडक निसरडे होतात, धुक्यात वाट सापडत नाही, तेव्हा मुलाबाळांना नेऊ नये. माणशी तीन लिटर पाणी, विजेरी, उबदार पांघरूण आणि दोरी जवळ हवी. शेकोटी पेटवू नये, छोटी गॅसची शेगडी न्यावी. पाणी उकळून प्यावे. पिशवीत नेलेले प्लास्टिक पिशवीतूनच परत आणावे. गावात जेवण सांगताना शाकाहारी सांगितले की हलालची चिंता उरत नाही. पाणी पिण्यापुरतेच असेल तर तयम्मुमची सवलत आहेच. कसरचा मसला मात्र निघण्याआधी इमामसाहेबांना विचारून घ्यावा.

घरी आलो त्याच आठवड्यात पाटाला आवर्तन सुटले. संध्याकाळी मुलगी अम्मींना हात धरून पाटावर घेऊन गेली. अम्मी बराच वेळ पाण्याकडे बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "पुढच्या खेपेला मला निदान त्या रतनवाडीपर्यंत तरी न्या. वर नाही चढवत, पण त्या वाटाड्याला सलाम सांगायचाय."