गृहव्यवस्था : भाड्याच्या घरातील न्हाणीघराच्या दरजा

भाडेकरू घर सोडून गेला की मालक भिंतींना रंग देतो आणि न्हाणीघरात ॲसिडची बाटली ओततो. काळवंडलेल्या दरजा घटकाभरात पांढऱ्या दिसू लागतात. नवा भाडेकरू घर पसंत करतो आणि व्यवहार पुरा होतो. या पांढरेपणाची किंमत मात्र पुढे मालकालाच मोजावी लागते.

लाद्यांमधील दरज बहुधा सिमेंटाची असते. सिमेंटातील चुन्याचा अंश ॲसिडात विरघळतो. ओतताच उठणारा फेस मळ निघाल्याची खूण नसून दरज झिजत असल्याची खूण असते. झिजलेल्या दरजेतून पाणी लादीखाली मुरते आणि खालच्या मजल्याच्या छताला ओल धरते. रोह्यात पुष्कळदा खाली दुकान आणि वर भाड्याची खोली असते. तेथे ही ओल थेट आपल्याच मालावर उतरते. शिवाय कुंडलिकेकाठी पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी दमट असते की मुरलेली ओल लवकर सुकत नाही.

यासाठी दरजा नव्याने भरून घेणे हाच खरा उपाय होय. दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत, घर रिकामे असताना हे काम करावे. गवंड्याने जुनी दरज दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडावी, धूळ पुसावी आणि तयार ग्राउट दाबून भरावे. त्यानंतर किमान २४ तास तेथे पाणी पडू देऊ नये. जेथे रोज पाणी साचते तेथे एपॉक्सी ग्राउट वापरावे. ते महाग असले तरी पाणी शोषत नाही. भिंत व जमीन यांच्या कोपऱ्यात ग्राउटला तडे जातात, म्हणून तेथे सिलिकॉन भरावे. नित्याच्या सफाईस खाण्याचा सोडा व मऊ ब्रश पुरे. ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये; त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

बुरशी धरल्यावर तिचा नाश करण्यापेक्षा ती उपजूच न देणे, हीच आपल्या घरांतील जयणा. खिडकी उघडी ठेवावी आणि स्नानानंतर जमीन कोरडी करावी, एवढे भाडेकरूला प्रेमाने सांगून ठेवावे.

खर्च कोणाचा, हा प्रश्न उरतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगे राखण्याची जबाबदारी मालकाची आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंतचा खर्च भाड्यातून वळता करू शकतो. म्हणून वापराने झिजलेल्या दरजांसाठी जाणाऱ्याची अनामत कापून घेणे न्याय्य नव्हे. गिऱ्हाइकाला खोटे वजन न देणारा व्यापारी भाडेकरूलाही वरवर पांढरे केलेले घर देणार नाही.